खायचा वास आणि ओढायचा वास

सावेडीत माझं आइस्क्रीमचं दुकान आहे आणि इसेन्सच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बूच उघडलं की डोळे मिटून माल ओळखतो. म्हणूनच भाऊबीजेला आलेल्या दाजींनी, म्हणजे तिसगावला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, खिशातून बॅटरीवर वाफ ओढायचा वेप काढून थेट माझ्या नाकापुढं धरला. बंदी असली तरी कुठून तरी मिळवला होता. बिडी सोडायची होती त्यांना.

"पाव्हणं, ह्यो वास तुमच्या दुकानातलाच हाय ना? मंग वढायला चालतंय का?"

हुंगलं. बटरस्कॉच! सणाला ताटावर बसलेल्या दाजींना नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि ज्ञान पाजळायची खाज मला होतीच. "बिनधास्त ओढा," मी छातीठोकपणे सांगितलं, "हाच इसेन्स लेकरं खातात. काही होत नाही."

पुढं इसेन्सचा नवा कॅन आला. मालाबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं, वाफ श्वासात घेऊ नका. इतकी वर्षं तो कागद मी न वाचता रद्दीत टाकत होतो. शाबास रे हुशार! माझं माझ्यावरच डोकं सणकलं.

मग दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर वाचत बसलो. बटरस्कॉचला लोण्याचा वास देणारं डायअसिटिल पोटात गेलं तर पचतं. पण परदेशात पॉपकॉर्नच्या कारखान्यांत त्याची वाफ रोज घेणाऱ्या कामगारांची फुफ्फुसं कायमची खराब झाली. वेपच्या काही द्रवांतही ते सापडलं. आता दुसरी बाजूही सांगतो, मी एकतर्फी बोलणारा माणूस नाही. सगळ्या वेपमध्ये ते नसतं, बिडी-सिगारेटच्या धुरातही ते असतं, आणि वेपमुळं तोच आजार होतो हे अजून पक्कं ठरलेलं नाही. वेप ओढणारे बरेच जण आधी सिगारेट ओढायचे, मग दोष कुणाला द्यायचा? हे सगळं मान्य. पण पक्कं ठरलं नाही म्हणजे काही होत नाही, असं कोण म्हणालं? मी म्हणालो होतो. तेही न वाचता.

रविवारी तिसगाव गाठलं. "दाजी, ते टाकून द्या आणि बिडीसाठी डॉक्टरांकडं चला. मी सोबत येतो."

दाजी हसायला लागले. "आवो, म्या कवाच सोडलं ते. आपली बिडीच बरी वाटती. यंतर तुमच्या बहिणीला दिलं, तिची मिश्री सुटावी म्हनून."

बहीण चहा घेऊन बाहेर आली. पदराला बटरस्कॉचचा वास येत होता. जिनं दातांना तंबाखूची मिश्री लावली, पण जन्मात कधी धूर ओढला नाही, तिच्या छातीत मी हे घातलं होतं.

"अगं, तू कशाला ओढतेस हे?"

"तूच म्हनला हुता ना, दादा, काय होत न्हाई म्हनून? मिश्री सोडली म्या त्याच्यावर." कप खाली ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. "आता कोनतं खरं धरू? तवाचं का आजचं?"

दाजी समोरच बसले होते. तरी बोललो. "आजचं. तवा मी दाजींचा मान राखायला बोललो होतो."

तिनं कमरेच्या पिशवीतून वेप काढून माझ्या हातावर ठेवला. तो अजून कोमट होता.