अकरा नंबरचा सिलेंडर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डायव्हिंग स्टोअरचा चार्ज माझ्याकडे आला. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये मी हवालदार होतो. आमचं मुख्य काम पूल बांधायचं आणि सुरुंग काढायचं. पण रेजिमेंटची एक छोटी डायव्हिंग टीमही होती. पाण्याखाली उतरून पुलाचे खांब बघणं, बुडालेली गाडी काढणं, पुरात गेलेला माणूस शोधणं ही कामं तिच्याकडे. टीममध्ये सहा डायव्हर. स्टोअरमध्ये अकरा सिलेंडर, सगळे स्टीलचे.

लोकांना वाटतं सिलेंडरमध्ये ऑक्सिजन असतो. नसतो. तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा, दोनशे पट दाबून भरलेली. एवढा दाब पेलणाऱ्या लोखंडावर नुसता भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून दोन तपासण्या. पहिली हायड्रो टेस्ट, काही वर्षांनी एकदा. सिलेंडर पाण्याने भरायचा, रोजच्या दीडपटीहून जास्त दाब द्यायचा, तो किती फुगतो आणि दाब काढल्यावर जागेवर येतो का ते मोजायचं. पास झाला की त्याच्या खांद्यावर तारीख ठोकतात. ती डेपोत व्हायची.

दुसरी तपासणी दरवर्षी, आमच्याच स्टोअरमध्ये. हवा सोडायची, व्हॉल्व्ह काढायचा, वायरला बांधलेला बारीक दिवा आत सोडायचा आणि छोट्या आरशातून आतली भिंत बघायची. गंज, ओल, चीर. मग रजिस्टरमध्ये नंबर, निकाल आणि सही. सही माझी.

टीममधला सगळ्यात चांगला डायव्हर नाईक मारोती पोले. मी वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा, तो जवळा बाजारजवळच्या वस्तीवरचा. त्याच्या घरी मेंढरं होती. वडील सटवाजी बारा महिने मेंढरांमागे. मारोती लहानपणी विहिरीत पडलेलं कोकरू काढायला उतरायचा, पोहणं तिथेच शिकला. रेजिमेंटमध्ये आमच्या बोलीचे आम्ही दोघंच. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, एकटे असलो की दादा.

त्या वर्षी मार्चमध्ये मी वार्षिक तपासणी केली. दोन दिवसांत दहा सिलेंडर उघडले. एकाचा व्हॉल्व्ह बदलला. बाकी ठीक होते. अकरावा कोपऱ्यात भरून उभा होता. स्पेअर. आदल्या वर्षी एका ट्रेनिंगमध्ये एकदाच वापरलेला. तेव्हा पार रिकामा होऊन परत आला होता, भरून ठेवला होता, त्यानंतर कोणी हात लावला नव्हता. शनिवारची दुपार, चार वाजलेले. सोमवारी कमांडिंग ऑफिसरचं इन्स्पेक्शन. आमचा कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेला होता. अकरावा उघडला असता तर पुन्हा भरता आला नसता आणि ओळीत एक सिलेंडर रिकामा दिसला असता.

खांद्यावरची तारीख बघितली. हायड्रो टेस्ट मुदतीत होती. गेज लावून बघितला. जवळपास पूर्ण भरलेला. जो वापरलाच नाही त्यात काय बिघडणार, असं मी मनाशी म्हटलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, अकरा नंबर, आतून साफ. सही केली आणि स्टोअरला कुलूप लावलं.

भादव्यात हिंगोली जिल्ह्यात पाऊस लागला. पूर्णा नदीवरच्या एका ठेंगण्या पुलावरून पाणी चाललेलं असताना काळीपिवळी जीप वाहून गेली. सात जण पोहून निघाले. एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून सापडत नव्हते. जिल्ह्याने आर्मीची मदत मागितली. आम्ही रात्रभर प्रवास करून सकाळी सहाला औंढ्याला पोहोचलो. कॉम्प्रेसरचा ट्रक मागे एका नाल्याला पाणी आल्याने अडकला. आमच्या ट्रकमध्ये सहा भरलेले सिलेंडर होते. निघताना मीच चढवले होते. त्यात अकरा नंबर होता.

औंढ्यात चहाला थांबलो तेव्हा मारोतीने एसटीडी बूथवरून जवळा बाजारच्या एका दुकानात फोन केला. वडिलांना निरोप द्या म्हणाला.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांजच्याला घरी येऊन राहिलो म्हणून सांगा म्हणलं. दादा, तुमी बी चला. माय भाकरी करंल."

"आधी काम होऊ दे."

"व्हय."

साडेआठला पहिला डायव्हर उतरला. पाणी चार-पाच मीटर खोल, रंग चहाचा. खाली डोळ्यापुढे धरलेला हात दिसत नव्हता. डायव्हरच्या कमरेला लाइफलाइन, तिचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक. चार म्हणजे वर ओढा. अकरा वाजेपर्यंत पाच सिलेंडर संपले. जीप सापडली, पुलाच्या खांबाला अडकलेली. आत कोणी आहे का ते कळलं नव्हतं. काठावर त्या सुनेची आई बसून होती. रडत नव्हती. पाण्यातून वर येणाऱ्या प्रत्येक डायव्हरच्या हातांकडे बघत होती.

टीमचे प्रमुख असलेल्या सुभेदार साहेबांनी विचारलं, "खिल्लारे, सिलेंडर?"

"एक है साहब. ग्यारह नंबर."

"चेक है?"

"चेक है साहब."

हे दोन शब्द मी बोललो. पुढे पुष्कळ वेळा आठवून बघितलं. बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता.

मारोती म्हणाला, "मैं जाता हूं साहब. ये नदी मेरे घर की है." त्याने सकाळी एक फेरी केली होती. साहेबांनी मान हलवली. मी त्याच्या पाठीवर सिलेंडर बांधला. त्याने रेग्युलेटर तोंडात धरून दोन-तीन श्वास घेतले, मग बाहेर काढला.

"उस्ताद, जुन्या हंड्यावानी वास येऊन राहिला."

"रबराचा असंल," मी म्हटलं. गेज बघितला. भरलेला.

अकरा चाळीसला तो पाण्याखाली गेला. लाइफलाइन माझ्या हातात. अकरा एक्केचाळीस, मी एक झटका दिला. उत्तर आलं, एक. अकरा बेचाळीस, मी एक झटका दिला. उत्तर नाही. वाटलं, जीपमध्ये शिरत असेल, हात मोकळा नसेल. अर्धं मिनिट थांबलो. पुन्हा झटका. दोरी सैल.

"खींचो," सुभेदार साहेब म्हणाले.

आम्ही तिघांनी ओढलं. अडकलेला माणूस ओढताना जोर लागतो. जोर लागला नाही. मारोती वर आला तेव्हा रेग्युलेटर तोंडातून निसटलेला होता. डोळे अर्धे उघडे, चेहरा शांत. गेजचा काटा जवळपास जिथल्या तिथे.

नर्सिंग असिस्टंटने आणि मी आळीपाळीने छाती दाबली. चाळीस मिनिटं. साडेबाराच्या सुमारास गावच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली आणि मला थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही. सुभेदार साहेबांनी माझे दंड धरून मला बाजूला केलं.

रेडिओवर साहेब बोलत होते. "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"सिव्हिलियन? ओव्हर."

"नेगेटिव्ह. अपना जवान. ओव्हर."

साहेबांनी मारोतीचा नंबर आणि नाव सांगितलं.

संध्याकाळी सहाला आम्ही त्याला वस्तीवर नेलं. त्याने सांगितलेली वेळ तीच होती. सटवाजी वाटेवर उभे होते. त्यांना सकाळचा निरोप मिळाला होता, दुपारी पाठवलेला मिळाला नव्हता. ट्रक बघून ते हसत पुढे आले.

जीपमध्ये कोणी नव्हतं. सासरा आणि सून दुसऱ्या दिवशी खाली तीन किलोमीटरवर गावकऱ्यांना सापडले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत अकरा नंबर उघडला. आत अर्धा कप तांबडं पाणी निघालं. भिंत सगळी गंजलेली. ट्रेनिंगच्या वेळी तो पाण्याखाली पार रिकामा झाला तेव्हा पाणी आत शिरलं होतं. त्यावरच हवा भरली गेली. लोखंड गंजायला ऑक्सिजन लागतो. दीड वर्ष ते आतला ऑक्सिजन खात राहिलं. दाब थोडासाच उतरला, गेजवर सिलेंडर भरलेलाच दिसत राहिला, पण त्या हवेत जीव धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. हायड्रो टेस्टची तारीख शेवटपर्यंत मुदतीत होती.

कर्नल साहेबांनी विचारलं, "साइन आपका है?"

"जी साहब."

"खोला था?"

"नहीं साहब."

"किसी ने दबाव डाला?"

"नहीं साहब."

शिक्षा झाली. सुभेदारीचं स्वप्न संपलं. ते बरोबरच झालं. मी एकच अर्ज केला, मला स्टोअरमध्येच राहू द्या. चार महिन्यांनी ठेवलं, सोबत तपासायला दुसरा माणूस देऊन. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक सिलेंडर मी उघडला. वापरलेला, न वापरलेला, नवा कोरा. माझा हा हट्ट बघून लोक वैतागायचे. कोणी माझ्यासमोर बोललं नाही.

इन्क्वायरी संपल्यावर सुट्टी घेऊन मी वस्तीवर गेलो. सटवाजी ओट्यावर बसले होते. मारोतीची बायको कौशल्या दारात उभी होती, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. मी सगळं सांगितलं. शनिवारची दुपार, रजिस्टर, सही. आडपडदा ठेवला नाही.

सटवाजींनी विचारलं, "जीव घुसमटला का त्याचा? लई तकलीफ झाली का?"

"न्हाई मामा. त्यात घुसमटत न्हाई. माणसाला कळत बी न्हाई. झोप लागल्यावानी होतं."

"खरं सांगा."

"खरं सांगून राहिलो."

त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

कौशल्या म्हणाली, "तुमी उघडून बघितलं असतं तर?"

"तर तो वाचला असता."

"काहून न्हाई बघितलं?"

आळस म्हणावा तर मी आळशी नव्हतो.

"तुमी सांगून मोकळे झालात," ती म्हणाली. "आता आमी काय करावं?" आणि आत गेली.

सटवाजी मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "येऊ नका म्हणत न्हाई. पण घरी येऊ नका. मी बाजाराच्या दिवशी येत असतो, तिथं भेटा." निवृत्त होऊन कुरुंद्याला आल्यावर सहा वर्षं मी जवळा बाजारला जात राहिलो. आम्ही मेंढरांच्या बाजारात एका लिंबाखाली बसायचो. पाऊसपाणी, लोकरीचा भाव. मारोतीचं नाव तेही काढायचे नाहीत, मीही नाही. मग तेही गेले.

मागच्या प्रजासत्ताक दिनाला जवळा बाजारच्या शाळेने मला बोलावलं. माजी सैनिकाने चार शब्द सांगावेत म्हणून. पोरांना लढाई ऐकायची होती. मी लढाई बघितली नाही. मी त्यांना सिलेंडरची गोष्ट सांगितली, माझ्या सहीसकट. शेवटी म्हणालो, मारोती लढाईत गेला नाही म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही, तुम्ही ऐकून ठेवा. नाईक मारोती पोले, वय एकतीस.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई जवळ आली. केस पिकलेले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायांपैकी एक. मी ओळखलं नाही. तिने बोलायला तोंड उघडलं तेव्हा ओळखलं.

"तुमी चुकीचं सांगितलं," कौशल्या म्हणाली. "त्यायला तिसावं चालू होतं. आन् बापाचं नाव राहिलं."

मी म्हणालो, "व्हय. चुकलं."

ती उभीच राहिली. मग माझ्या ध्यानात आलं की ती कशासाठी थांबली आहे. पोरं पांगत होती, कोणी ऐकत नव्हतं. मी सावधान उभा राहिलो आणि तिच्यासमोर बरोबर सांगितलं.

नाईक मारोती सटवाजी पोले. वय तीस पुरं नव्हतं.