रुपालीचं कौतुक

मनवाच्या घरी मास्तरकी पिढीजात. आजोबा मास्तर, दोन्ही आत्या शाळेत, त्यामुळे शिकवायला आधी शिकावं लागतं हे नगरच्या त्या घरात कुणालाच पटत नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर मनवाने मात्र दोन वर्षांचं प्रशिक्षण धरलं. आठवडाभर शेवगावपलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं आणि शनिवारी नगरला येऊन स्वतः शिकायचं. तिथे एक गोष्ट बजावून सांगत: पालकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, आधी मुलाचे गुण सांगा. मनवा पडली गुणी विद्यार्थिनी, तिने ते गाठीशी बांधून ठेवलं.

गाव ऊसतोडीवाल्यांचं. दसरा झाला की निम्मा वर्ग आईबापांबरोबर कारखान्यावर. सातवीतली रुपाली तेवढी आजीजवळ राहून शिकत होती, आणि त्याच वर्षी आजी वारली. शाळा सातवीपर्यंतच. पुढे शेवगावच्या मुलींच्या वसतिगृहात रुपालीला घालायचं, हे मनवाने मनाशी ठरवून टाकलं होतं. इतर कशात तिला यश आलं नव्हतं. ही एक मुलगी तरी पुढे गेली पाहिजे, म्हणून ती हट्टालाच पेटली होती.

एप्रिलात ते बोलायला ती रुपालीच्या घरी गेली, तेव्हा पाहुणे बसले होते. भिमाजी नावाचे एक पागोटेवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. मामाकडचे असतील, असं मनवाला वाटलं. रुपालीच्या आईने, मालनबाईने, ओळख न करून देता चहा पुढे केला.

मग मनवा सुरू झाली. रुपाली किती कामसू, घरचं सगळं आवरून वेळेवर शाळेत येते, कधी उलट बोलत नाही, दुखलंखुपलं तरी कुरकुर नाही. पाहुणीने मान पुढे काढून विचारलं, "परक्या ठिकानी ऱ्हाईल का वो, मॅडम? रडायची न्हाई ना?"

मनवाला कोण आनंद झाला! वसतिगृहाची काळजी करणारं कुणीतरी भेटलं होतं. "अजिबात नाही रडणार. कुठेही पाठवा, आठ दिवसांत रुळेल."

भिमाजींनी समाधानाने कप खाली ठेवला. मनवा आता वसतिगृहाचं बोलणं काढणार, तोच मालनबाई म्हणाली, "मागून बघू, मॅडम."

चार दिवसांनी मालनबाई पेढे घेऊन शाळेत आली. "तुमच्या शब्दावर लगीन जमलं बघा. ती मानसं घरी जाऊन म्हनली, मास्तरीनबाई खोटं कशाला सांगंल?"

मनवा खुर्चीतून ताडकन उठली. "अहो, तेरा वर्षांची आहे ती! गुन्हा आहे हा!"

"म्हाईत हाय. पन आमी सा महिने उसात. म्हातारी गेली. वयात आलेली पोर कुनाच्या भरोशावर ठिवू?"

"वसतिगृह आहे ना!"

"आन दिवाळीला सुट्टी लागली, का तिथून घरी धाडत्यात. घरात तवा कोन हाय?" मालनबाई रडत होती, आणि पेढ्याचा पुडा तिने तसाच पुढे धरला होता.

मनवाने मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला. माणसं आली, आईबापांकडून लग्न करणार नाही असं लिहून घेतलं, फोटो काढले, गेली. महिनाभरात लग्न दुसऱ्या गावी, कुणाला पत्ता न लागता उरकलं. प्रशिक्षणातल्या मॅडम म्हणाल्या, तू तुझं काम केलंस. मनवाला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. आपण केलं ते काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर शेवगावच्या स्टँडबाहेर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उभा होता. भांड्याकुंड्यांवर बसलेली रुपाली तिला बघून टुणकन उतरली. कपाळावर मोठी टिकली, हाताला नवे घट्टे. मनवाला माफी मागायची होती, पण आधी डोळेच भरून आले.

"रडू नका, मॅडम," रुपालीने तिचा हात धरला आणि तिला बरं वाटावं म्हणून अगदी मनापासून सांगितलं, "सासू लई खूश हाय माझ्यावर. म्हनती, तुज्या मॅडमनी सांगितलं हुतं, अगदी तशीच निघाली पोर."