दाराशी एकच शिपाई होता: शालनताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त

आधी एक दुरुस्ती. ॲड. शालनताई जगदाळे यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाची बातमी आली तेव्हा शिरूरच्या एका साप्ताहिकात मी ताईंवर छोटा लेख लिहिला होता. त्यात गेल्या उन्हाळ्यातल्या एका दुपारचा प्रसंग होता. आमच्या भागातल्या एका दुय्यम कारागृहात एक कच्चा कैदी उकाड्याने बेशुद्ध पडला, त्या वेळी "दाराशी दोन शिपाई उभे होते, तरी कुलूप निघायला वेळ लागला," असे मी लिहिले. ते चूक आहे. दाराशी एकच शिपाई होता. दुसरा नंतर आला. ज्यांनी तो लेख वाचला असेल त्यांनी कृपया एवढे लक्षात घ्यावे.

गौरवग्रंथातला लेख असा सुरू करत नाहीत, सुरुवातीला काहीतरी मंगल पाहिजे, असे समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला समजावले. मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "माझं मंगल थांबंल जरा. ते आधी लिही." म्हणून आधी लिहिले. आता ताईंविषयी.

ताईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दहावीत होते. आमचे गाव न्हावरे. आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती. वडिलांनी शेती धरली आणि मला शाळेत घातले. घरात शाळेत गेलेली मी पहिली. बांधावरून झालेल्या मारामारीत माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, आत गेले. भेटायला जाताना वडिलांनी मला बरोबर घेतले, कारण तिथे काही वाचायची वेळ आली तर कोणीतरी पाहिजे होते. हे कारागृह एका कचेरीच्या आवारात आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. तिथे आजही लोक नोकरी करतात आणि आजही लोक कोंडलेले आहेत. फाटकासमोर रसवंती आहे. तिच्या बाकावर काळ्या कोटातल्या एक बाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वडिलांना हाक मारली.

"कोण हाय आत तुमचं?"

"धाकला भाऊ."

"झोपतो कुठं?"

वडिलांना ती थट्टा वाटली. "जेलात झोपत्यात कुठं म्हंजी? जेलातच की."

"जेलात कुठं? भिंतीला, मधी, का संडासापाशी?"

वडिलांना माहीत नव्हते. मुलाखतीच्या जाळीतून आम्ही तात्यांना विचारले. ते खाली बघत म्हणाले, "संडासापाशी. नव्या माणसाला तिथंच असतंय." बराकीतला संडास कमरेएवढ्या भिंतीआड. रात्री उठणारा प्रत्येक जण तात्यांच्या अंगावरून जायचा. जागा इतकी कमी की सगळ्यांनी एकाच कुशीवर झोपायचे. एकाने कूस बदलली की ओळीने बदलायची. खिडकीखालची जागा दोन दांडग्या कैद्यांनी धरली होती आणि ती ते मर्जीतल्यांना द्यायचे. भांडणे यावरूनच व्हायची, आणि एका भांडणात कोणाचे तरी डोके फुटले होते.

ताईंनी तात्यांचे वकीलपत्र घेतले. पण जामिनाच्या आधी त्यांनी आणखी एक काम केले, ते मी फाटकाबाहेर उभी राहून ऐकले. ताई शिपाई गणपतरावांशी बोलत होत्या. त्यांना आम्ही पुढे मामा म्हणू लागलो, ते भांडगावचे. मामा वैतागले होते.

"ताई, मी एकटा माणूस. आत ही एवढी माणसं. मी गेट सांभाळू का झोपायच्या जागा वाटत बसू?"

"वाटू नका. सोमवारी सकाळी नुसतं दाराशी उभं राहून ‘सरका’ म्हणा. ज्याची त्याची वळकटी एक जागा पुढं. खिडकीखालचा उठून संडासापाशी."

"आन् तो न्हाई उठला तर?"

"बाकीचे उठवतील. त्यांना पण खिडकी बघायचीय."

मामांनी ते केले. दोन सोमवार शिव्या झाल्या, तिसऱ्या सोमवारी लोक आपणहून सरकले, आणि बराकीतली मारामारी थांबली. तात्या सरकत सरकत खिडकीपर्यंत पोहोचले आणि त्याच आठवड्यात त्यांचा जामीन झाला. ते अजून सांगतात, "खिडकी मिळाली, वारं लागलं, तवर घरी हाकलला."

पुढे मी कायदा शिकले आणि ताईंकडे उमेदवारीला आले. ताई मूळच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या, भाजीवाल्या शेतकऱ्याच्या कन्या. वकिली शिरूर आणि दौंड दोन्हीकडे केली. वयामुळे आता त्या रोज कोर्टात उभ्या राहत नाहीत, पण कैद्यांना मोफत मदतीसाठी जी भेट असते ती त्यांनी सोडलेली नाही. त्या भेटीची त्यांची रीत ठरलेली आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा पाण्याच्या पिंपात हात घालून पाणी किती खाली गेले आहे ते बघायचे. मग कोणाच्या बोटांत खरूज आहे, कोणाचा कपडा तीन दिवस ओलाच आहे, हे बघायचे. खटल्याचे शेवटी. त्यांचे म्हणणे, ज्याला रात्री झोप नाही तो आपल्या खटल्याचे नीट सांगू शकत नाही.

आणि प्रत्येक वेळी त्या शिपायांनाही विचारतात: जेवण झाले का, सुट्टी कधी मिळाली, बंदोबस्ताला कोणाला नेले. कुठे सभा असली, जत्रा असली, की पहिला माणूस कारागृहावरून उचलला जातो. महिला शिपाई नसल्यामुळे बायकांची कोठडी कुलूप लावून पडली आहे आणि इथल्या बायका कैदी लांबच्या कारागृहात जातात, जिथे त्यांचे माणूस भेटायला पोहोचत नाही. एका बैठकीत साहेबांनी कैद्यांच्या तक्रारी मागितल्या तर ताईंनी आधी शिपाई किती मंजूर, किती हजर आणि हजरपैकी आज बाहेर किती, हे विचारले. वकिलांच्या खोलीत यावरून त्यांना चिडवतात. एक जण माझ्यासमोरच म्हणाले, "शालनताई, तुमचे अशील गजाच्या आतले का बाहेरचे?" ताई म्हणाल्या, "आज दोन्हीकडं पाणी नव्हतं. तुम्हीच ठरवा."

माझा स्वभाव भित्रा आहे. अर्ज दाखल करण्यापूर्वी मी तो पुन्हा पुन्हा वाचते. ताई म्हणतात, "पोरी, तू कागद तपासतीस का त्याची नाडी?" पहिल्यांदा बराकीपर्यंत गेले तेव्हा तो वास आणि पाठीमागे पडलेल्या अडसराचा आवाज मला सहन झाला नाही, बाहेर येऊन आवारातच उलटी झाली. ताईंनी मला रसवंतीवर रस पाजला. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आज तू फाटकाशी बस. भेटायला आलेल्या बायकांशी बोल, कुठून आल्यात, कशानं आल्यात." त्याच्या पुढच्या खेपेला मी आत गेले. माझी आई एकदा लेक काय करते ते बघायला शिरूरला आली. तिला ताईंच्या कचेरीत संकोच वाटत होता. ताईंनी तिला माझ्या खुर्चीत बसवले. "ही तुमच्या लेकीची खुर्ची. पाय मोडका हाय, पण बसती ती सरळ." आई हे गावात अजून सांगते.

आता ती दुपार, जशी घडली तशी.

मे महिना होता, वीज गेली होती. ताई आत गेल्या होत्या. मी बाहेरच्या फाटकाशी नोंद करत होते. तिथे फळा आहे, त्यावर खडूने त्या दिवशीच्या शिपायांची नावे असतात. दोन नावे होती. त्यातले एक मामांचे. दुसरे शिपाई सकाळीच कैदी घेऊन कोर्टात गेले होते. त्यांचे नाव पुसायचे राहिले होते. हे मला माहीत नव्हते. आतून आरडाओरडा झाला. मला आत सोडायला कोणी नव्हते, म्हणून मी फाटकाशीच थांबले. काही वेळाने खाकी कपड्यातले एक गृहस्थ पळत येऊन माझ्यासमोरून आत गेले, त्यांच्यामागे मी शिरले. मी पोहोचले तेव्हा दोन शिपाई दाराशी होते आणि कुलूप निघत होते. फळ्यावर दोन, डोळ्यासमोर दोन. मी दोन लिहिले.

मधल्या वेळात जे झाले ते ताईंनी पाहिले. बराकीत एक तरुण कोसळला. ज्या बराकीत माणसे खच्चून भरली आहेत तिचे दार एकट्या शिपायाने उघडायचे नाही, असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. आतले ओरडत होते, "मामा, उघडा, कोण पळत न्हाई." मामांनी शेजारच्या पोलीस ठाण्यात फोन केला होता. त्यांचा हात कुलपावर होता. ते म्हणाले, "ताई, चावी माझ्या हातात हाय आन् मला उघडता येईना."

ताई म्हणाल्या, "उघडू नका. मी सांगतेय, उघडू नका." मग त्यांनी आतल्या सगळ्यांना मागच्या भिंतीला बसवले. दोघांना त्या तरुणाला दाराशी आणून, डोके गजाकडे करून निजवायला सांगितले. आपल्या बाटलीतले पाणी त्यांनी गजातून त्याच्या मानेवर, काखेत ओतले; मामांनी पिंपातून तांब्या भरभरून दिला. ठाण्यातून दुसरा माणूस आला, दार उघडले, तरुण दवाखान्यात गेला. तो वाचला. आठवड्याने त्याने ताईंना निरोप पाठवला की चप्पल तिथेच राहिली आहे, कोणी वापरली नसेल तर ठेवा.

पण त्याच्या घरच्यांनी उशीर झाल्याची तक्रार केली. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत मामांना घरी बसवले गेले. तक्रारीला पुढे माझ्या लेखाचे कात्रण जोडले गेले. दोन शिपाई असून दार उघडले नाही, असे वकीलच लिहितात, मग दुसरा पुरावा कशाला?

हे मला कळले ते मामांकडून. ताईंचे तेव्हा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे त्यांनी लेख वाचला नव्हता. एरवीही त्या स्वतःवर लिहिलेले वाचत नाहीत. मामा त्यांना बघायला शिरूरला घरी आले. मी ताईंच्या डोळ्यांत औषध घालत होते. मामांनी खिशातून कात्रण काढले. आवाजात राग नव्हता.

"बाईसाहेब, लिहिलंय चांगलंच. फक्त त्या दुसऱ्याचं नाव सांगा. म्हंजी मी जाऊन त्याला भेटतो. इतकी वर्सं त्या दारावर काढली, मला तर तो कवा दिसला न्हाई."

ताईंनी मला कात्रण मोठ्याने वाचायला लावले. वाचून झाल्यावर विचारले, "तू कुठं होतीस?"

"फाटकाशी."

"मग दाराचं कसं लिहिलंस?"

मी फळ्याचे सांगितले. ताई म्हणाल्या, "फळ्यावर तर रोज दोघं असतात. तेवढ्यासाठीच आपण आत जातो ना?" मग मामांना म्हणाल्या, "चहा घ्या. ही दुरुस्त करंल."

साप्ताहिकाने दुरुस्ती छापायचे कबूल केले आहे. पण चौकशीत छापील दुरुस्ती पुरत नाही; कात्रण आहे तोवर माझे पहिले वाक्यच बोलत राहील. समोर जाऊन जबाब द्यावा लागतो. वडिलांना ते पटलेले नाही. "सनद मिळून दिवस किती झालं? सायबासमोर आपणच चुकलो म्हणायचं? उद्या तुला आत जाऊ दिलं न्हाई तर?" हे होऊ शकते, ते मी नाकारत नाही. मी ताईंना बरोबर चला म्हणाले. ताई म्हणाल्या, "मी गेल्या तारखेला माझं सांगून आले. उघडू नका असं मीच म्हणाले होते, ते पण लिहून घ्यायला लावलं. जे मी पाहिलं ते मी बोलले. तुझं तू बोल." तारीख जवळ आली तसे त्यांनी एकच विचारले, सकाळची एसटी कितीची आहे.

ताईंच्या गुडघ्यांना त्या आवाराच्या पायऱ्या अजून पुष्कळ वर्षे चढता याव्यात. नव्या डोळ्यांनी त्यांना बराकीचा शेवटचा कोपरा स्पष्ट दिसावा, आणि तिथे कधीतरी मोकळी जागा दिसावी. फळ्यावर जेवढी नावे तेवढी माणसे दाराशी उभी राहिलेली त्यांनी पाहावीत. त्यांच्या शंभरीच्या ग्रंथातही मला लिहायला सांगावे, आणि तो लेख मला मंगलापासून सुरू करता यावा.

समारंभ रविवारी संध्याकाळी शिरूरला आहे. मामांना बोलावणे गेले आहे. येतो म्हणाले आहेत. चौकशीची तारीख दुसऱ्या दिवशी आहे. सोमवारी सकाळच्या एसटीने मी जाणार आहे, आणि दाराशी एकच शिपाई होता, हे सांगणार आहे.