खळ वाळायच्या आत

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, वाचनालयात पुस्तकं बांधतात. फाटक्या पुस्तकाला नवा पुठ्ठा चढवावा तर त्यांनीच. पण माणूस म्हणून? विचारूच नका! शिंक आली तरी आधी विचार करतील, ही खरी की लोकांनी बघावं म्हणून. जाडजूड रशियन कादंबऱ्या बांधता बांधता वाचून काढल्यात त्यांनी. एकदा म्हणाले, "वहिनी, यातली माणसं माझ्यासारखीच आहेत. स्वतःवरच पहारा देत बसलेली. सगळं कळतं त्यांना, पण कोणाच्या जवळ म्हणून जाता येत नाही."

"त्यांना म्हणावं, ढीगभर भांडी घासा, पहारा आपोआप उठेल," मी म्हटलं.

हसण्यावारी नेलं खरं, पण याच पहाऱ्याने आमच्या घराची पार रया घालवली. सासूबाई गेल्या तेव्हा भरल्या घरात हे महाशय म्हणाले, "मला दुःख होतच नाहीये. मी दुःखी दिसतोय की नाही, तेवढंच बघतोय." तेव्हापासून आमच्या ह्यांनी सख्ख्या भावाशी अबोला धरला. एका ताटाशेजारी दुसरं ताट, पण मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत! नुसती मेटाकुटीला आले मी.

आणि मग ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, धोका आहे.

ऑपरेशनच्या सकाळी भाऊजी कामावरून तडक दवाखान्यात आले, बोटांना पुठ्ठे चिकटवायची खळ तशीच लागलेली. पण खोलीच्या दाराशी थबकले ते थबकलेच. बोलायचं तर आत्ताच, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"जा ना आत," मी म्हटलं.

"कशासाठी आलोय तेच कळत नाहीये, वहिनी. दादासाठी, की उद्या काही झालंच तर स्वतःला तोंड दाखवता यावं म्हणून?"

"कशासाठी का असेना!"

"तसं नाही. खोटेपणा त्याला लगेच कळेल."

आतून चाकांचा आवाज आला. ह्यांना न्यायला निघाले होते. माझं डोकं असं तापलं म्हणता! हा माणूस जन्मभर दारातच उभा राहणार होता.

तेवढ्यात त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. वाचनालयात मी पाहिलं होतं, पुठ्ठ्याला खळ लावली की भाऊजी वेगळेच होतात. इकडे बघणं नाही, तिकडे बघणं नाही, हात सरसर चालतो. थांबलं की खळ वाळते आणि कागद बसत नाही.

"भाऊजी," मी ओरडलेच, "खळ वाळतेय!"

ते दचकले, आणि दुसऱ्या क्षणी स्ट्रेचरपाशी होते. ह्यांचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

आमचे हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मी गेलो तर रडशील का?"

इतक्या वर्षांनी बोलले आणि काय बोलले!

"माहीत नाही रे दादा," भाऊजी म्हणाले. "पण हात सुटत नाहीये."

ह्यांना हसू फुटलं. "सोड आता, गाढवा. थांबलेत सगळे."

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. बाकावर आम्ही दोघं, जीव मुठीत धरून. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सगळं नीट झालं." मी शेजारी पाहिलं. भाऊजींच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, शर्टाची कॉलर भिजली होती.

"भाऊजी, डोळे पुसा," मी म्हटलं.

"कोणाचे?" त्यांनी विचारलं.