हौशा, टाळी आणि गुळाचा खडा

बैलाला टाळी वाजवून बोलावता येतं, हे आमच्या चाकणच्या पंचक्रोशीत पहिल्यांदा मी सिद्ध केलं. तेही माझ्या स्वतःच्या लग्नात.

पिंपरीला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. आमचा हौशा नावाचा खोंड भलता अडेल. जू दिसलं की बसायचा. (माझे वडील, म्हणजे आबा, आसूड घेऊन आले की आडवाच व्हायचा!) शेवटी आबा कडाडले, "पोराचं लगीन उरकलं की ह्याला चाकणच्या बाजारात उभा करतो!"

हौशा तर वासरू असल्यापासून मी वाढवलेला, त्याला विकू कसा देणार? पुण्याला सर्कशीत मी पाहिलं होतं, माणूस टाळी वाजवायचा, घोडा धावत यायचा आणि साखर खायचा. म्हटलं, आपल्याकडे गूळ आहे! टाळी वाजवायची, हौशा आला की खिशातून एक खडा. थोड्याच दिवसांत तो वावराच्या त्या टोकाहून दौडत यायला लागला. (ढेप आटत चालली तशी आई उंदरांच्या नावानं बोटं मोडायला लागली.)

"आबा, आता बघाच!" मी टाळी वाजवली.

हौशानं आबांच्या हातातला आसूड पाहिला आणि रवंथ चालू ठेवला.

"बैल हाय तसाच हाय," आबा म्हणाले, "तू मातर येडा झालास."

लग्न आमच्याच दारात होतं. मी नव्या कोटात, समोर अंतरपाट, पलीकडे खेडची मंजुळा. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला आणि सगळ्या वऱ्हाडानं कडाडून टाळ्या वाजवल्या!

एका टाळीला एक खडा, तर एवढ्या टाळ्यांना अख्खी ढेप! हौशानं हिशेब केला आणि खुंटा उपटून निघाला. मांडवाची मेढ आडवी झाली. सनईवाला ओट्यावर चढला, भटजी माझ्या मामांच्या मागे लपले.

"धरा! धरा रं त्याला!"

"आरं, कुनी सोडला?"

माझी मात्र छाती फुगली. "आबा, आला बघा! टाळीला आला!"

हौशा थेट माझ्यापुढे थांबला आणि त्यानं मान पुढे केली. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा! गूळ जुन्या सदऱ्यात राहिलेला! हौशानं स्वतःच झडती घेतली, खिसा कोटापासून वेगळा केला आणि मला अशी ढुशी दिली की मी मुंडावळ्यांसकट जमिनीवर.

"गूळ! आरं, कुनीतरी गूळ आना!" मी पडल्या पडल्या ओरडलो.

कुणी हलेना. हलली ती मंजुळा. तिनं पूजेच्या ताटातला गूळ उचलून तळहातावर धरला. हौशानं तो खाल्ला, तिचा हात चाटला आणि तिनं वेसण धरताच मुकाट तिच्यामागे गोठ्याकडे निघाला. त्या दोघांना पाहताना मला इतका अभिमान वाटला की उठायचंच राहिलं.

आबांनी आसूड कोपऱ्यात टाकला आणि सासऱ्यांना म्हणाले, "बैल न्हाई इकायचा आता. आन् सून तर लाखात येक मिळाली!"

मी कोट झटकत त्यांच्यापुढे ऐटीत उभा राहिलो.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पर बाजारला जायचं ठरलंच हाय," ते म्हणाले, "बैलाच्या जागी ह्याला उभा करू!"