गिटार कॅसेटमध्ये गिटारसारखी वाजेना

विलास गुरुवारी गेले आणि मला अजून त्यांचा राग येतोय.

नवरा-बायकोत भांडायला शंभर कारणं असतात. आमच्यात एकच होतं. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी फैजपूरची, केळीच्या मळ्यात वाढलेली. लग्न होऊन जळगावला, मेहरूणला आले. विलास दिवसा पाइपच्या कारखान्यात, संध्याकाळी लग्नांतून गिटार वाजवायला.

अशाच एका लग्नात धुळ्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी यांना ऐकलं. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना म्हणाले, नुसत्या गिटारची कॅसेट पाठवा, गणपतीआधी ठरवू.

झालं. आमच्या घराचा स्टुडिओ झाला.

आधी गिटारची वायर थेट टेपरेकॉर्डरमध्ये. ऐकलं तर काडेपेटीत माशी कोंडल्यासारखं. पुसलं.

मग ॲम्प्लिफायर आणला, त्याच्या स्पीकरच्या बरोब्बर समोर माइक. पत्रा घासल्यासारखं. पुसलं.

खोली घुमते म्हणून माझ्या नव्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. तरी नाही.

मग ॲम्प्लिफायर मोरीत.
मोरीत! आंघोळीला आम्ही रांगेत.

सासूबाई शिंदखेड्याच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, बठ्ठी गल्ली आयकी ऱ्हायनी. थांब आते."

सगळी गल्ली ऐकत होती खरी, पण हे थांबतील तर ना.

गणपती तोंडावर आले. मी वैतागून म्हटलं, द्या ना पाठवून कशीही, कोण एवढं कान देऊन ऐकतंय?

त्यांचा चेहरा उतरला.

"शोभा, माझ्या हातात वाजते तशी ती कॅसेटमध्ये वाजतच नाही. मग नाना ज्याला ऐकतील तो मी कसा?"

मी पोळ्या लाटायला गेले.

त्या रविवारी दुपारी केर काढताना मध्येच आलेला माइकचा स्टँड मी रागाने पायाने सरकवला. माइक स्पीकरच्या मधोमध होता, तो कडेला गेला, जरा तिरपा.

विलास ओरडणार म्हणून मी थांबले. ते ओरडले नाहीत. तसाच राहू दे म्हणाले, आवाज थोडा कमी केला आणि वाजवायला बसले.

कॅसेट उलटी फिरवून ऐकली. तीच गिटार. खोलीत ऐकू येते तशीच, भरीव, गोड.

आणि मध्येच माझा आवाज. "अहो, पोळ्या गार होताहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा वाजवा म्हटलं. ते बसलेही, तेवढ्यात लाइट गेली. धुळ्याला निघालेला मित्र दारात उभा. विलासनी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग शेजारच्यांकडे फोन आला. नानांनी यांना बोलावलं होतं. वर विचारलं, "पोळ्या खाल्ल्या का मग?"

पुढे कितीतरी वर्षं त्यांनी तिथे वाजवलं. धुळ्याहून पहाटेच्या गाडीने यायचे आणि चहा पिता पिता कालचा आवाज कसा बिघडला ते सांगायचे. मी झोपेत हं हं करायची.

दवाखान्यातही नर्सबाईंना सांगत होते, टीव्हीचा आवाज फार टोचतोय, जरा ट्रेबल कमी करा. मी कपाळाला हात लावला.

रविवारी संध्याकाळी घरी या. ज्यांना गिटार येते त्यांनी घेऊन या. मला वाजवता येत नाही, आणि घर फार शांत झालंय.

विलास, सावकाश जा.