जंक फूडचा राक्षस

माझा भाऊ सहावीत हाय. अंगानं भरलेला, पण कबड्डीत त्याची पकड बसली की गल्लीतली मोठी पोरं पण सुटायची न्हाईत! रोज संध्याकाळी घामाघूम होऊन यायचा आन म्हणायचा, ‘ताई, शाळेच्या टीममध्ये घेणार मला.’ बास, तेवढंच एक वेड.

मग शाळेत पौष्टिक आहार सप्ताह आला. प्रभातफेरी, घोषणा, मोड आलेली मटकी, शेवटी नाटक. आन त्यात ह्याला रोल! पहिल्यांदाच!

‘आई, मी मेन हाय! जंक फूडचा राक्षस!’

भाकरी थापता थापता आई थांबली. ‘तुलाच का रं?’

‘बाईंनी वर्गावर नजर फिरवली आन डायरेक्ट म्हणल्या, तू उठ.’

त्याला त्यातलं कायच कळलं न्हाय. नुसता खुश.

चिप्सची रिकामी पाकिटं अंगभर चिकटवून तो आला. गाजर, पालक, भाकरी झालेली पोरं त्याच्यामागं लागली. राक्षसाला ग्राउंडभर पळवायचं, असा शेवट होता. सोलापूरचं ऊन, पाकिटं गळायलीत, पालक पोट धरून हसायलेत. म्हणजे आईबाप, भाजी न्हवं! माईकवर पीटीचे सर ओरडले, ‘पळवा, पळवा, वजन उतरू दे जरा!’ तेव्हा त्यानं गर्दीत बसलेल्या आईकडं आन माझ्याकडं बघितलं. हसत न्हवता.

त्यानंतर पीटीच्या तासाला रोज, ‘राक्षस, दोन राऊंड जास्त!’ डबा उघडला की, ‘ए, राक्षस जेवायलाय!’ डबा तसाच घरी यायला लागला. टीमचं नाव पण काढेना.

आई शाळेत गेली. बाई म्हणल्या, ‘अहो, नाटक होतं ते! पोरांनी किती एन्जॉय केलं.’

‘बाई, त्यानं खेळायचं बंद केलंय.’

‘मग पाठवा की ग्राउंडवर. त्याच्याच तब्येतीसाठी चाललंय ना सगळं?’

आई परत आली आन त्याचा तसाच आलेला डबा रिकामा करायला लागली.

काल गल्लीतली पोरं दारात आली. ‘चल की, एक गडी कमी हाय!’ हा भिंतीकडं तोंड करून पडलेला.

मी म्हणलं, ‘जा की रे, हितं कोण शाळेतलं हाय?’

‘पळलं की पोट हलतंय, ताई. दिसतंय सगळ्यांना.’

मी बाहेर येऊन सांगितलं, त्याला बरं न्हाय.

‘मग उद्या?’ एकानं विचारलं.